जास्तीचा काना

आमच्या ह्यांचं म्हणणं असं, की लग्नाआधी त्यांनी मला लिहिलेलं पहिलं पत्र मी शुद्धलेखन तपासून परत पाठवलं. चारचौघांत ते ही गोष्ट रंगवून सांगतात आणि मग माझ्याकडे बघून हसतात. ती खरी नाही. पत्र मी परत पाठवलं नव्हतं. दोन वेलांट्या तेवढ्या दुरुस्त केल्या होत्या, त्याही पेन्सिलीनं.

पण चूक मला आधी दिसते आणि माणूस मागून, हे मी कबूल करते. चौतीस वर्षं शाळेत भाषा शिकवल्यावर दुसरं काय होणार? निवृत्त झाले आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचून स्वतःचं आणि ह्यांचं डोकं उठवायला लागले. शेवटी ह्यांनीच शोधून काढलं, की सार्वजनिक ग्रंथालयात मोठ्या माणसांच्या वर्गाला शिक्षक हवा आहे. मला वाटतं, त्यांना आठवड्यातून तीन सकाळी शांतपणे पेपर वाचायचा होता.

वर्ग ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर, बालविभागात भरतो. दारं उघडायच्या आधीचे दोन तास आमचे. खुर्च्या लहान मुलांच्या आणि बसणारी माणसं थोर, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे छातीशी आलेले असतात. माणसं लांबलांबून पोटासाठी आलेली. कामापुरतं बोलता येतं सगळ्यांना, पण लिहायचं म्हटलं की हातपाय गळतात. एक फरशी बसवणारा आहे, दोघी शिवणकाम करणाऱ्या नणंद-भावजया आहेत, एक बस धुणारा आहे. आणि टिंबताई होती.

टिंबताई हे नाव नणंद-भावजयांनी पाडलेलं. ती वृद्धाश्रमात मदतनीस होती. म्हाताऱ्यांना उठवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं, फिरवायचं. वय चाळिशीच्या आसपास, हात दांडगे, आवाज बारीक. पहिल्याच दिवशी मी सांगितलं होतं, की वाक्य संपलं की टिंब द्यायचं. तिनं ते इतकं मनावर घेतलं, की वाचून दाखवतानाही टिंब मोठ्यानं म्हणायची. "मी सकाळी लवकर उठते टिंब. मी आजोबांना चहा देते टिंब." वर्ग हसून लोळायचा, तीही हसायची, आणि पुढचं वाक्य पुन्हा तसंच. कागदावर टिंब द्यायची ते इतकं दाबून, की मागच्या पानावर उठायचं.

तर चुकांबद्दल. पहिला महिनाभर मी माझ्या जुन्या पद्धतीनं वह्या तपासल्या. म्हणजे लाल पेन आणि दयामाया नाही. फरशीवाल्यानं वही उघडली, पानभर लाल बघितलं आणि शांतपणे विचारलं, "बाई, इथं कोणी मेलं का?" सगळे हसले, मीही हसले. पुढच्या आठवड्यात तो आलाच नाही.

वर्ग चालवणाऱ्या संयोजिकेनं मग मला एका दिवसाच्या प्रशिक्षणाला धाडलं. तिथे माझ्या मुलीच्या वयाची एक प्रशिक्षक होती. ती म्हणाली, दुसरी भाषा शिकणाऱ्याला सगळ्या चुका एकदम दाखवू नका, माणूस खचतो. एका पंधरवड्याला एकच प्रकार धरा. त्या प्रकाराच्या चुकीखाली रेघ ओढा, बरोबर असेल तिथे खूण करा, बाकीच्यांकडे कानाडोळा करा. आणि लाल शाई नको. मी हात वर केला आणि विचारलं, "खूण नाही म्हणजे बरोबर आहे, असं विद्यार्थ्याला वाटलं तर?" ती म्हणाली, "फार चांगला प्रश्न आहे," आणि पुढच्या मुद्द्याकडे वळली.

मला राग आला होता. तरी येताना मी हिरवं पेन घेऊन आले, कारण फरशीवाला गेल्याचं मनाला लागलं होतं. आणि खरं सांगायचं तर पद्धत लागू पडली. पहिला पंधरवडा मी नामांची लिंगं धरली. वह्या हिरव्यागार दिसायला लागल्या. जी माणसं चार ओळींवर अडायची, ती पानभर लिहायला लागली. फरशीवाला परत आला. मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं, आणि तिथेच माझं चुकलं असं मी आज म्हणते.

त्या पंधरवड्यात टिंबताईनं लिहिलं होतं, "काल माझ्या हातून बशी पाडली. ती पांढरी होती. मला वाईट वाटलं." बशी पाडली! पडली म्हणायचं होतं तिला. माझा हात शिवशिवला. पण पंधरवडा लिंगांचा होता, आणि बशी, पांढरी, होती, सगळं स्त्रीलिंगी कसं जागच्या जागी बसलं होतं. मी त्या ओळीपुढे ठसठशीत हिरवी खूण केली. तिनं वही छातीशी धरून नेली.

सहा आठवड्यांनी पडणे-पाडणे यांचा पंधरवडा आला. या जोड्या परक्या माणसाला फार छळतात. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, जळणे-जाळणे. मी फळ्यावर लिहिलं आणि सांगितलं, "आपोआप झालं तर काना नाही. कोणी केलं तर काना. काना म्हणजे तिथे एक माणूस उभा आहे असं समजा. तो करतोय." हे मला वर्गातच सुचलं होतं आणि मी त्यावर खूश होते. सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मग गाळलेल्या जागांची दहा वाक्यं दिली. टिंबताईची दहाच्या दहा बरोबर आली. मी खाली लिहिलं, "शाबास. आता ही चूक तुमच्या हातून होणार नाही." सही केली आणि तारीख घातली. तारीख घालायची सवय शाळेतली.

गाळलेल्या जागा भरणारा माणूस स्वतःचं लिहायला बसला की जुन्याच चुका करतो, हे कुठल्याही शिक्षकाला ठाऊक असतं. मलाही होतं. पण शाबास म्हणायला काय जातं?

त्यानंतर पाचव्या दिवशी वृद्धाश्रमात बारा नंबरच्या खोलीतल्या आजी न्हाणीघरात पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. तिथे नियम असा, की असं काही झालं तर जो हजर असेल त्यानं तासाभरात नोंदवहीत स्वतःच्या हातानं लिहायचं. टिंबताईनं लिहिलं.

पुढच्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर ती मागे राहिली. बाकीचे जिना उतरून जाईपर्यंत थांबली, मग पिशवीतून एक घडी घातलेली झेरॉक्स काढून माझ्यापुढे ठेवली.

"बाई, तिथं सगळे म्हणतात, मी आजीला ढकललं. मी असं लिहिलं नाही. तुम्ही बघा ना."

मी चष्मा लावला. तिचंच गोल अक्षर. "सकाळी सात वाजता. मी आजीला आंघोळ घातली. मी होते. दुसरं कोणी नाही. आजी पाडली. मी बेल दाबली. मला रडू आलं."

सांगायला लाज वाटते, पण हातानं आपोआप पेनाचं टोपण काढलं होतं.

"हा काना," मी म्हटलं आणि पेनाचं टोक त्याच्यावर ठेवलं.

ती वाकून बघत राहिली. "एवढा?"

"एवढाच."

"मी काढून टाकते," ती म्हणाली. "तिथं जाते आणि पुसते."

तिला कसं सांगायचं, की आता तो पुसता येत नाही? आजींच्या मुलानं ती नोंद वाचली होती. भला माणूस आहे म्हणतात, तोवर टिंबताईला दर वेळी हात जोडून नमस्कार करायचा. पण आपल्या आईला पाडलं असं जिनं स्वतः लिहून दिलंय, तिला तो काय म्हणणार? त्यानं मदतनिसांची यादी ठेवणाऱ्या कार्यालयात तक्रार केली. त्या यादीवर नाव असेल तरच वृद्धाश्रमात, रुग्णालयात, कोणाच्या घरी आजाऱ्याजवळ काम करता येतं. नाव गेलं की कायमचं गेलं. टिंबताईला दुसरं काम येत नव्हतं, आणि राहायची खोलीही वृद्धाश्रमाचीच होती. चौकशी पूर्ण होईपर्यंत तिला कामावर येऊ नका म्हणून सांगितलं होतं.

"तुम्ही तोंडी सांगितलं नाही का?" मी विचारलं.

"सांगितलं. दहा वेळा सांगितलं. आजी पाडली, मी नाही पाडली."

बोलताना तिचं पडली आणि पाडली एकसारखंच निघायचं. मी ते बोलणं वर्गात कधी धरलं नव्हतं, कारण आमचा वर्ग लिहिण्याचा. आजींना विचारून उपयोग नव्हता. त्यांची आठवण गेलेली. एकदा म्हणत मी नाचताना पडले, एकदा म्हणत मला शाळेला उशीर होतोय.

दुसऱ्या दिवशी मी टिंबताईची वही पिशवीत टाकली आणि वृद्धाश्रमात गेले. ह्यांनी विचारलं, "तुझं काय काम तिथे?" मी म्हटलं, चूक माझी आहे, मीच निस्तरणार. चालत गेले. वाटेत मनात सगळं भाषण तयार होतं, आणि चांगलं होतं.

व्यवस्थापक सभ्य माणूस निघाला. उद्धट असता तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, माझं सगळं ऐकून घेतलं. मी बशीचं पान उघडून त्याच्यापुढे सरकवलं.

"हे बघा. माझ्या हातून बशी पाडली. हातून म्हटलं की पडलीच म्हणायचं असतं. म्हणजे ही तिची नेहमीची चूक आहे. आणि मी ती दाखवली नाही, उलट पुढे खूण केली. तिला वाटलं हेच बरोबर."

त्यानं ते वाचलं. मान हलवली. मला हायसं वाटलं. मग कोणीही करेल तसं त्यानं पान उलटलं. आणखी एक उलटलं. कशाला मी वही पूर्ण नेली? एक पान फाडून न्यायची अक्कल मला सुचली नाही.

"काना म्हणजे करणारा माणूस," त्यानं तिच्या अक्षरातली ओळ वाचली. मग दहा वाक्यांवरून बोट खाली नेलं. "झाडावरून आंबे पाडले. झाडावरून पान पडलं. दहाही बरोबर आहेत, मॅडम." आणि मग माझं वाक्य, सावकाश, "शाबास. आता ही चूक तुमच्या हातून होणार नाही." आणि वर बघून, "सही तुमचीच ना?"

"माझीच."

"चौदा तारीख. आजी पडल्या एकोणीसला."

मी त्याला समजावलं. गाळलेल्या जागा भरणं वेगळं, घाबरलेल्या माणसानं स्वतःच्या मनानं लिहिणं वेगळं. मी स्वतः शिक्षक असून रागावले की ऱ्हस्व-दीर्घ विसरते, असंही सांगितलं, आणि ते खोटं होतं. तो ऐकत होता. खरंच ऐकत होता.

"माझा तुमच्यावर विश्वास आहे," तो म्हणाला. "पण मला कागद पुढे पाठवायचे असतात. कागदात तुम्हीच लिहिलंय, की तिला फरक कळतो."

मी दुभाष्याचं विचारलं. तिच्या भाषेत तिला सांगू द्या ना. त्यानं टेबलावरचा पेपरवेट उचलून पुन्हा तिथेच ठेवला. मग म्हणाला, कामावर लागताना तिनं लिहून दिलंय की तिला ही भाषा लिहिता-वाचता येते. त्याशिवाय यादीवर नाव चढतच नाही. आता दुभाषा मागितला, तर ते लिहून दिलेलं खोटं ठरतं आणि नाव त्यावरूनच जातं. नाही मागितला, तर तिनं लिहिलेलं आहे तेच खरं.

"म्हणजे तिनं करायचं काय?" मी विचारलं.

"दुसरा जबाब देता येतो," तो म्हणाला. "चौकशी अधिकाऱ्यांसमोर. स्वतःच्या हातानं, कोणाच्या मदतीशिवाय. मी तसं पत्र लिहितो. एवढं मी करू शकतो."

त्यानं ते केलंही. आठवड्यानंतरची तारीख मिळाली. सोबत माझ्या नावानंही एक कागद आला. ओळखीची व्यक्ती म्हणून मला खोलीत बसता येईल. मात्र जबाब मी सांगितलेला, लिहून दिलेला किंवा पाठ करून घेतलेला नाही, अशी सही मला करावी लागेल. तसं आढळलं तर दुसरा जबाब रद्द, आणि पहिला कायम.

"लिहून दे आणि पाठ करून घे," ह्यांनी सांगितलं. "कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"तुझं तत्त्व राहील आणि तिची नोकरी जाईल."

तत्त्वाचाच प्रश्न नव्हता, मला भीती वाटत होती. पाठ केलेलं वाक्य मी पहिल्या शब्दाला ओळखते, मग ते ओळखणार नाहीत कशावरून? टिंबताईच्या अक्षरात माझं वाक्य, एकही चूक नसलेलं, कोणाच्याही डोळ्यांत खुपलं असतं. म्हणून आठवडाभर मी रोज सकाळी तिला एकटीला बसवलं आणि फक्त पडणे शिकवलं. पान पडलं. चष्मा पडला. बादली पडली. बाळ पडलं. काका पडले. वस्तू संपल्या तेव्हा खिडकीबाहेर बघून काय काय पडू शकेल ते आम्ही शोधलं. ती त्या दिवशीचं सांगायला तोंड उघडायची, की मी हात वर करून थांबवायची. मला सही करायची होती. त्यामुळे न्हाणीघरात नेमकं काय झालं, ते मी तिला एकदाही विचारलं नाही.

ती शिकली. पाचव्या दिवशी तिनं आपणहून एक पानभर लिहून आणलं, आणि त्यात सात ठिकाणी पडणे होतं, सातही बरोबर. शिवाय मोठ्या माणसाला पडल्या म्हणायचं, हेही तिनं धरलं होतं. मी खाली काही लिहिलं नाही. नुसती मान हलवली. शाबासकीची मला धास्ती बसली होती.

जबाबाच्या दिवशी ती इस्त्रीचे कपडे घालून आली होती. व्यवस्थापकाच्याच खोलीत टेबल मोकळं केलं होतं. अधिकारी बाई पन्नाशीच्या, बारीक किनारीचा चष्मा, आवाजात कंटाळा नाही आणि माया नाही. त्यांनी मला समोरच्या भिंतीशी खुर्ची दाखवली.

"मॅडम, तुम्ही बोलायचं नाही. खूण नाही, मान हलवणं नाही. शक्यतो तिच्याकडे बघूही नका."

मी सही केली. टिंबताईपुढे दोन कोरे कागद आणि पेन ठेवलं. तिनं पदरानं हात पुसले आणि लिहायला लागली.

तिच्याकडे बघायचं नव्हतं, कागदाकडे बघू नका असं कोणी म्हटलं नव्हतं. चौतीस वर्षं बाकांमधून फिरलेल्या माणसाला उलटं अक्षर वाचता येतं. मी वाचत होते. "त्या दिवशी सकाळी मी बारा नंबरच्या आजींना आंघोळ घातली." घातली, छान. "फरशी ओली होती. साबण होता. आजी उठल्या." वा. ती सावकाश लिहीत होती, ओठ हलत होते, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते बारीक, न ऐकू येणारं टिंब. मग ती थांबली. पेन उचललं. मला कळलं, तो शब्द आला. तिनं लिहिलं, "आजी पडल्या."

काना नव्हता. माझे डोळे भरून आले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, कारण चेहरा आवरत नव्हता. परत खाली बघितलं तेव्हा ती आणखी एक वाक्य लिहीत होती, कसं झालं ते सांगत होती, कोणी विचारलं नसताना. वर्गात मीच सांगायची ना, की नुसतं काय झालं एवढं लिहू नका, कसं झालं तेही लिहा.

"मी आजींचा हात धरला होता. मग हात सोडला. म्हणून आजी पडल्या."

सोडला!

तिला सुटला म्हणायचं असणार. सुटणे-सोडणे. त्या जोडीत नुसता काना वाढत नाही, तिथे आतला स्वरच बदलतो, म्हणून ती मी पुढच्या पंधरवड्यासाठी ठेवली होती. आठवडाभर आम्ही पडणे, पडणे, पडणे केलं, आणि ही माझ्या ध्यानातसुद्धा आली नाही. का तिनं खरंच सोडला? एक क्षण मला हेही वाटलं. बेल दाबायला, टॉवेल घ्यायला, कशाला तरी एक हात सोडला असेल. मला काय माहीत? मी तिला विचारलंच नव्हतं.

तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. वर्गात वाक्य झालं की बघते तशी. माझी भुवई उंचावली की ती लगेच खाली बघून शब्द शोधायला लागते, हे आमचं ठरून गेलेलं. मी भुवई उंचावली असती तर तिला कळलं असतं. अधिकारी बाई माझ्याकडेच बघत होत्या. माझी एक खूण, आणि आजी पाडली हे वाक्य कायमचं राहिलं असतं. पाडली बरं, का सोडला बरं? भिंतीशी बसून मी तोलत होते. चेहरा दगडासारखा ठेवला. टिंबताई हसली, टिंब दिलं आणि सही केली.

अधिकारी बाईंनी कागद वाचला. "तुम्ही हात सोडला?" त्यांनी विचारलं. आवाज या वेळी जरा मऊ होता.

"हो," टिंबताई म्हणाली. आपण लिहिलेलं समोरच्याला कळलं, याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होता. "हात सोडला. आजी पडल्या."

"ठीक आहे. तुम्ही बाहेर बसा."

ती गेली आणि दार लागलं. तेवढ्यासाठीच मी तोंड मिटून बसले होते. "तिला सुटला म्हणायचंय," मी म्हटलं. "सोडला नाही. हात सुटला. ही त्यातलीच चूक आहे. मी शिकवलीच नव्हती ही जोडी, मी शपथेवर सांगते."

त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, मागच्या खेपेला पाडली ही चूक होती. आता सोडला ही चूक आहे. मग पडल्या तेवढं बरोबर आहे, हे मी कशावरून धरू?"

चौतीस वर्षांत मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. व्यवस्थापक टेबलाकडे बघत होता.

"मी तिच्या बाजूनंच लिहिते आहे," त्या म्हणाल्या. "मुद्दाम पाडलं नाही, असं नोंदवते. पोलिसांपर्यंत जाणार नाही. पण ओल्या फरशीवर हात सोडला म्हणजे निष्काळजीपणा. यादीवर नाव राहणार नाही."

"तिला परत बोलवा. एकदाच विचारा, सुटला का सोडला."

"मी विचारलं," त्या म्हणाल्या. "तुमच्यासमोर विचारलं." आणि कागद फायलीत गेला.

बाहेर लांब कॉरिडॉर होता, भिंतीला म्हाताऱ्यांनी धरून चालायचा कठडा. टिंबताई बाकावर बसली होती. येणारे-जाणारे दोन आजोबा तिला हाक मारून गेले, तिनं दोघांची चौकशी केली. मला बघून सरकली आणि जागा केली.

"बाई, पडल्या लिहिलं मी. काना नाही."

"बघितलं मी."

"तुम्ही काहीच केलं नाही. तेव्हा मला कळलं, सगळं बरोबर आहे."

मी तिच्याशेजारी बसले. घरी जावं, उद्या सांगावं, पत्र आल्यावर सांगावं, असे सगळे विचार मनात येऊन गेले. आणि मग जे आठवडाभर विचारलं नव्हतं ते विचारलं. "हात कसा गेला हो, आजींचा?"

तिनं करूनच दाखवलं. माझा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला, इतका की अंगठी रुतली. "मी अशी धरली. आजी जोरात ओढतात. साबण आहे. मी अजून धरते, अजून धरते," आणि डोळ्यांनी खुणावलं, ओढा म्हणून. मी ओढला. तिचे तळवे घामेजलेले होते. तिनं बोटं आवळली, नखं लागली मला, तरी माझा हात तिच्या हातांतून निसटला.

"असं," ती म्हणाली. "याला सोडला म्हणतात ना?"

"याला सुटला म्हणतात."

"सुटला." तिनं शब्द तोंडात घोळवला, मग पिशवीतून वही काढली आणि गुडघ्यावर ठेवून लिहून घेतला. पुढे टिंब दिलं. "आणि मग सोडला म्हणजे काय, बाई?"

तिनं पेन तयार धरलं होतं. मी ते बाजूला घेऊन बाकावर ठेवलं आणि तिचा हात माझ्या हातात घेतला. तो ओलसर, जड आणि गरम होता. ती लक्ष देऊन बघत होती. मग मी माझी बोटं उघडली आणि तिचा हात सोडला.

तो बाकावर पडला. तिला लगेच कळलं.